पित्तओढ्याकाठच्या लयकोटाची हकीकत

॥ श्री वैश्वानर प्रसन्न ॥

घडविणाऱ्यास जग वंदन करिते, राखणाऱ्याची कीर्ती गाते, आणि उतरवून वेगळे करणाऱ्याच्या दारावरून मान खाली घालून जाते. वस्तुतः उत्पत्ती, स्थिती आणि लय ही तिन्ही कार्ये एकाच धर्माची अंगे. त्यांत उच्चनीच कल्पिणे हे अज्ञान. परंतु लयाचे कार्य ज्याच्या हाती सोपविले, त्याने स्नेहापोटी एक वेळ हात आखडता घेतला, तर त्यास दया म्हणावे की अधर्म म्हणावे, हा प्रश्न शास्त्रार्थाने सुटत नाही. दोष द्यावा तर जीभ अडते. न द्यावा तर जे होरपळले ते समोर येऊन उभे राहतात. लयकोटाचे हवालदार मायाजी नाईक यांजवर हा प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा लिहिला आहे.

देहशके एकसष्ट, म्हणजे ज्या देहात हे राज्य नांदत होते त्या देहास जन्मोन एकसष्टावे वर्ष चालू असता, ही गोष्ट जाहली. जीवाचा देह हा असंख्य लहान राज्यांचा समुदाय असोन, एकेका राज्यास शास्त्रात पेशी ही संज्ञा आहे. पैकी हे राज्य यकृतप्रांती, पित्ताच्या ओढ्याकाठी वसलेले. सुईच्या अग्रावर मावेल एवढाच त्याचा विस्तार. परंतु आत पाहावे तर सर्व बंदोबस्त यथासांग. मध्यभागी केंद्रकगड, त्यावर महाराजांचे वास्तव्य आणि राज्याची मूळ पोथी; महाराज कधी खाली उतरत नसत, त्यांच्या आज्ञांच्या नकला मात्र अखंड खाली येत. भोवती बाराशे अग्निशाळा, ज्यांस तंतुकणिका म्हणतात. तेथे अन्न जाळून बळ निपजे आणि त्या बळावर राज्यातील एकूणएक रहाट फिरे. अग्निशाळेचे लोक मूळचे या राज्याचे नव्हत. पुरातन काळी पाहुणे म्हणोन आले आणि राहिले, म्हणोन त्यांच्या भिंती दुहेरी आणि त्यांची लहानशी पोथीही निराळी. आणि ओढ्याच्या बाजूस तीनशे लयकोट, ज्यांस शास्त्रात लयकारिका म्हणतात.

लयकोट म्हणजे राज्यातील मोडीचे ठिकाण. झिजलेली भिंत, वाकडी घडलेली वस्तू, बाहेरून शिरलेला शत्रू, थकलेली अग्निशाळा, जे जे नांदण्यास अयोग्य ठरले ते येथे यावे, आणि पन्नास कसबांचे कारागीर, ज्यांस विकर म्हणतात, त्यांनी ते वीट वीट करून उतरवावे, आणि मग त्या विटा कोटाच्या खिडक्यांतून राज्यास परत द्याव्या, म्हणजे त्यांचे नवे काही उभे राही किंवा दुष्काळ असला तर त्याच अन्नास लागत. एकही वीट वाया जाऊ नये हा कोटाचा धर्म. हे कारागीर तीव्र आम्लातच काम करीत; गोड्या पाण्यात त्यांचे हात लुळे पडत. म्हणोन कोटाच्या भिंतीत रहाट बसविले होते, ते अग्निशाळेच्या बळावर फिरत आणि आंबट आत ओढीत. आणि त्या आम्लाने खुद्द भिंत खाऊ नये म्हणोन आतून शर्करेचा गिलावा केलेला होता. तो गिलावा बाहेरून दिसू लागला म्हणजे कोट फुटला ऐसे समजावे. लोकांस इतके कोठून ठाऊक? लोक कोटास आत्मघाताची पिशवी म्हणत, ही एके दिवशी फुटून आपल्या सर्वांस गिळील म्हणोन भीत, आणि वाटेने जाता पलीकडच्या कडेने जात.

अशा एका कोटावर मायाजी नाईक हवालदार होते. मितभाषी, कामात चोख, आणि त्यांचा एक रिवाज होता, जो दुसऱ्या कोणत्याही कोटावर नव्हता. वस्तू दारी आली म्हणजे ते डोईचे पागोटे काढून हाती घेत आणि म्हणत, "नाव येथे ठेवा, बाकीचे आम्ही पोहोचवू." मग येणाऱ्याचे नाव ऐकून ते एकदा मोठ्याने उच्चारीत, आणि मग दार उघडीत. आत गेल्यावर नाव उरत नसे, तेव्हा जाण्यापूर्वी एकदा तरी कोणी घ्यावे, ऐसा त्यांचा भाव. कोटाचे कारखानीस गिरमाजीपंत, हिशेबी आणि कोरड्या स्वभावाचे गृहस्थ, एकदा म्हणाले, "नाईक, मोडक्या भिंतीला कसले आले आहे नाव?" नाईक म्हणाले, "तिला विचारल्यावाचून तुम्हांस कसे कळले?" तेव्हापासून पंत त्या वेळी तोंड फिरवून उभे राहत, परंतु बोलत नसत.

कोटाच्या कट्ट्यावर येऊन बसणारा एकच मनुष्य त्या राज्यात होता. ते सोमाजी अगिवले, समोरच्या अग्निशाळेचे मुख्य. कोटाच्या रहाटांस लागणारे बळ त्यांच्या शाळेतून येई, आणि पोहोचवायास माणसे असताही सोमाजी स्वतः येत आणि घटकाभर बसत. एकदा म्हणाले, "नाईक, तुमच्या दारी बसून गेलो की घरची मंडळी मला हात धुवायास लावतात." नाईक म्हणाले, "आणि मला?" सोमाजी म्हणाले, "तुम्हांला कोणी घरातच घेत नाही, तेव्हा हात धुण्यापर्यंत गोष्ट येत नाही." ऐसे म्हणोन दोघे हसले. आणखी म्हणत, "माझी पाळी येईल तेव्हा पागोटे जरा बेताने काढा. मागे त्या कोठाराच्या वेळी तुमची शेंडी सुटली, आणि ते बिचारे जाता जाता हसत गेले." नाईक म्हणत, "तुमच्या वेळी बांधून ठेवीन." हे बोलणे विनोदाचे, त्या वेळी दोघांसही ती पाळी फार दूर वाटत होती.

आता अग्निशाळा थकली हे ओळखावे कैसे, त्याची रीत सांगितली पाहिजे. केंद्रकगडाकडून निघालेला हलकारा, म्हणजे निरोप्या, प्रत्येक अग्निशाळेच्या दारी जाई. शाळेतील अग्नी जिवंत असला तर त्याची ओढ हलकाऱ्यास आत घेई, आणि तो आत नाहीसा होई. अग्नी मंदावला असला तर ओढ राहत नसे, आणि हलकारा उंबऱ्यावरच उभा राही, मग दुसरा येई, तोही उभा, मग तिसरा. उंबऱ्यावर हलकारे साचले म्हणजे खूण करणारे लोक येऊन दारास दोरे बांधीत, आणि ते दोरे पाहोन पासोडीवाले येत. त्यांची मुख्य भिकाबाई, वयाने पोक्त, जिभेने तिखट. तिचे लोक दुहेरी विणीची पासोडी विणीत विणीत त्या शाळेभोवती चहूंकडून गुंडाळीत, टोके शिवून बंद करीत, आणि ओढीत कोटाच्या दारी आणीत. दोरा असला तर पासोडी, दोरा नसला तर नाही, हा तिचा कायदा. ती दुसरे काही पाहत नसे. आणि हे सर्व निर्दयपणाने चाले ऐसे समजू नये. मंदावलेली अग्निशाळा बळ देत नाही, ठिणग्या मात्र टाकते. तिच्या ठिणग्यांनी शेजार जळतो. म्हणोन वेळेवर नेणे हीच त्या शाळेची आणि शेजाऱ्यांची अब्रू.

तो देहास विषमज्वर जडला. पाचव्या दिवशी अन्न तुटले आणि देहाच्या मुखातून पाण्यावाचून काही उतरेना. राज्यात प्रथम साखरेची कोठारे होती, ती एका दिवसात रिती जाहली. प्रत्येक लयकोटाच्या माथ्यावर नगारखाना असे. कोटाच्या खिडक्यांतून विटांचा पुरवठा मुबलक निघे तोवर नगारा वाजे, आणि नगारा वाजे तोवर राज्यात नवी बांधकामे चालत. सहाव्या दिवशी तो नगारा थांबला. बांधकामावरचे लोक हातातले काम तेथेच ठेवून उभे राहिले, आणि ज्या कोटाकडे कोणी पाहत नसत त्याकडे सर्वांनी पाहिले, कारण आता जे अन्न मिळावयाचे ते तेथूनच मिळावयाचे होते. भिकाबाईंच्या पासोड्या अष्टौप्रहर विणल्या जाऊ लागल्या. जुन्या पडव्या आल्या, अर्धवट उभे राहिलेले कारखाने आले, कालपर्यंत चांगले म्हणोन मिरविणारे सभामंडप आले, आणि मायाजी नाईक प्रत्येकापुढे पागोटे काढीत गेले. गिरमाजीपंत म्हणाले, "नाईक, रांग ओढ्यापर्यंत गेली. नावे घ्यावयाची तर जरा घाईने घ्या." नाईक म्हणाले, "घाईने घेतलेले नाव आणि न घेतलेले नाव सारखेच, पंत." तरी काम तुंबले नाही, आणि राज्य आपल्याच पडव्या खाऊन जगले.

आठव्या दिवशी सोमाजी बळ घेऊन आले ते उशिरा आले, आणि भारा हलका होता. कट्ट्यावर बसले, परंतु बोलले नाहीत. नाईकांनी विचारिले, "आज टोमणा विसरलात?" सोमाजी म्हणाले, "दुष्काळ आहे, पुरवून वापरतो." मग उठून गेले. नाईक त्यांच्यामागे चार पावले चालत गेले, तो अग्निशाळेच्या उंबऱ्यावर हलकारा उभा असलेला त्यांनी पाहिला. दुसरा आला, तोही त्याच्याशेजारी उभा राहिला. मग खुणेचे लोक आले, दारास दोरे बांधले, आणि दुसऱ्या कामास निघोन गेले. मायाजी नाईकांच्या कमरेस कोटाची सुरी असे. त्यांनी इकडेतिकडे पाहिले नाही, विचारही फारसा केला ऐसे दिसत नाही, पुढे जाऊन दोरे कापले आणि हलकाऱ्यांस म्हणाले, "येथे चुकून आलात. ही शाळा चालू आहे." हलकारे आज्ञेचे लोक, हवालदाराचा शब्द ऐकोन गेले. उभ्या आयुष्यात नाईक खोटे बोलले ते इतकेच. त्यांच्या मनात इतकेच होते की चार दिवसांत ज्वर उतरेल, अन्न येईल, अग्नी पुन्हा धरेल, आणि कट्ट्यावर बसावयास मनुष्य राहील.

थोड्या वेळाने भिकाबाई पासोडी घेऊन आल्या आणि दारापुढे थबकल्या. म्हणाल्या, "हवालदार, इकडे येण्याची खबर होती. दोरा कुठं आहे?" नाईक म्हणाले, "दोरा नाही." भिकाबाई म्हणाल्या, "नाही ते दिसतंय. होता का, ते विचारते." नाईक म्हणाले, "भिकाबाई, तुमचा कायदा काय आहे?" त्या म्हणाल्या, "दोरा नाही तर पासोडी नाही." नाईक म्हणाले, "मग?" बाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले, पासोडीची घडी घातली आणि म्हणाल्या, "मी इतकी वर्षं लोकांना गुंडाळते, हवालदार, पण मला अजून कुणी गुंडाळलं नव्हतं." आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरे बांधले गेले आणि पुन्हा कापले गेले. तिसऱ्या वेळीही तैसेच. सोमाजी त्या दिवसांत कट्ट्यावर आले नाहीत.

दहाव्या दिवशी सोमाजींच्या शाळेतून ठिणग्या उडाल्या. प्रथम थोड्या, मग लोटच्या लोट. आणि दुष्काळाने आधीच कोरडे पडलेले शेजार एकामागून एक पेटले. सात अग्निशाळा फुटल्या. त्या पासोडीत गुंडाळोन दारी आल्या नाहीत, कोणी त्यांपुढे पागोटे काढिले नाही, त्या जागच्या जागी जळोन गेल्या. त्यांच्या विटा भाजोन काळ्या कुळकुळीत जाहल्या, आणि मागाहोन कारागिरांनी पुष्कळ प्रयत्न केला तरी त्यांतील एकही उतरली नाही. तो काळा ढीग राज्यात कायमचा राहिला आणि राज्य असेतोवर राहील. शास्त्रज्ञ सांगतात की एखाद्या राज्यात बहुत अग्निशाळा ऐशा फुटल्या म्हणजे केंद्रकगडाकडून काही न विचारता राज्यसमाप्तीची आज्ञा निघते. ती त्या दिवशी निघाली नाही, परंतु निघण्याच्या बेतास आली होती. आणि त्याच ठिणग्या मायाजी नाईकांच्या कोटावर आल्या. भिंतीस भोके पडली, आंबट बाहेर झिरपू लागले, गोडे पाणी आत आले, आणि पन्नास कसबांचे कारागीर हात लुळे पडोन बसले. लोक ओरडत पळाले की पिशवी फुटली, आता सर्वांस गिळील. तैसे काही जाहले नाही. बाहेर आलेले कारागीर गोड्या पाण्यात निरुपद्रवी पडोन राहिले. परंतु आत अर्धे उतरलेले सभामंडप तैसेच राहिले, खिडक्यांतून विटा निघेनात, आणि त्या बाजूच्या लोकांचा तोंडचा घास बंद जाहला. भीती होती ती गिळण्याची. संकट आले ते उपासाचे.

गिरमाजीपंत भोके मोजून आले आणि नाईकांपुढे उभे राहिले. म्हणाले, "गवंड्यांनी लहान भोके लिंपली आहेत. मोठी तीन राहतील. एक काम निभेल इतका कोट उभा राहील, पुढचे सांगवत नाही." मग म्हणाले, "उंबऱ्याजवळ कापलेल्या दोऱ्यांची टोके सापडली. सुरीने कापलेली. राज्यात सुरी कोणाजवळ असते ते मला ठाऊक आहे, आणि मी ते कोणास विचारणार नाही." नाईक म्हणाले, "विचारा, पंत." पंत म्हणाले, "कशाला? सात शाळा उत्तर देऊन बसल्या आहेत." नाईकांनी मान खाली घातली.

मग मायाजी नाईक सोमाजींच्या दारी गेले. आत धूर होता आणि सोमाजी भिंतीस टेकून बसले होते. नाईक म्हणाले, "सोमाजीबाबा, दोरे मी कापले." सोमाजी म्हणाले, "मला ठाऊक आहे. तुम्ही सुरी चालवता तेव्हा दात खाता. आवाज आत येतो." नाईक म्हणाले, "ठाऊक होते तर बोलला का नाहीत?" सोमाजींनी उंबऱ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "पहिल्या वेळी वाटले, तुमचा मान राखावा. दुसऱ्या वेळी वाटले, उद्या सांगू. तिसऱ्या वेळी खरे कळले. मला जगावयाचे होते, नाईक. तुम्ही कापीत होतात आणि मी आत बसून आनंदाने ऐकत होतो. तेव्हा सात शाळांचे ओझे एकट्याने उचलू नका. अर्धे माझे आहे." नाईक खाली त्यांच्याशेजारी बसले. सोमाजी म्हणाले, "तुमचा कोट एक काम निभेल म्हणतात. बाहेर लोक उपाशी आहेत. माझ्या भिंती अजून काळ्या पडल्या नाहीत. आज नेलेत तर विटा होतील, उद्या नेलेत तर कोळसा." मग हसावयाचा प्रयत्न करून म्हणाले, "आणि भिकाबाईंना तुम्हीच बोलवा. माझ्याच्याने त्यांच्यासमोर उभे राहवणार नाही."

दोरे चौथ्या वेळी बांधले गेले. भिकाबाई आल्या, त्यांनी दोरा दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "हा राहील ना?" नाईक म्हणाले, "राहील." मग त्यांनी स्वतः बसून पासोडी विणली, आणि ती वीण इतर दिवसांपेक्षा सावकाश आणि दाट होती. इकडे दूरच्या पाच अग्निशाळांनी आपल्या उपाशी बळातून भारा भारा पाठविला, त्यावर कोटाचे उरलेले रहाट करकरत फिरले, आंबट हळूहळू चढले, आणि कारागिरांच्या हातांत जीव आला. पासोडी कोटाच्या दारी आली. मायाजी नाईकांनी शेंडीची गाठ आधी चाचपून पाहिली, मग पागोटे काढिले, आणि म्हणाले, "नाव येथे ठेवा." आतून सोमाजी म्हणाले, "बाकीचे तुम्ही पोहोचवाल, ते मला पाठ आहे. बांधली होतीत ना?" नाईक म्हणाले, "बांधली होती." सोमाजी म्हणाले, "सोमाजी अगिवले." नाईकांनी ते नाव मोठ्याने घेतले, इतके मोठ्याने की ओढ्याच्या पलीकडल्या राज्यासही ऐकू जावे, आणि दार उघडिले.

काम चोख जाहले. वीट वाया गेली नाही. खिडक्यांतून सोमाजींच्या विटा निघाल्या, त्या बाजूच्या लोकांनी त्या दोन दिवस खाल्ल्या, आणि त्यांतील थोड्या कोणी न सांगता बाजूस काढोन ठेविल्या. तेराव्या दिवशी देहाचा ज्वर उतरला आणि मुखी पेज गेली. मायाजी नाईकांच्या कोटावर मात्र नगारा वाजला नाही, कारण नगारखान्याची भिंतच खचली होती. तो दुसऱ्या कोटावर वाजला. दुष्काळाच्या आरंभी या कोटाकडून केंद्रकगडास नवे कोट बांधविण्याची विनंती गेली होती, ती मान्य होऊन ओढ्याच्या वरच्या अंगास एक नवा कोट उभा राहिला, आणि त्याची हवालदारी गिरमाजीपंतांस मिळाली. समोरच्या जागी जिवंत शेजारशाळेने आपली भिंत वाढविली, बाजूस ठेवलेल्या विटा तीत बसविल्या, आणि तेथे पुन्हा अग्नी धरला. नाईक रोज त्या भिंतीकडे पाहत बसत. तेथील लोक नवे होते. कट्ट्यावर कोणी येत नसे.

मग एके दिवशी मोठ्या भोकांपैकी एकाची कड ढासळली, आणि कोटाचा शर्करेचा गिलावा बाहेरून स्पष्ट दिसू लागला. वाटेने जाणाऱ्यांनी तो पाहिला. खुणेचे लोक आले, आणि त्यांनी मायाजी नाईकांच्या स्वतःच्या दारास दोरे बांधले. त्यांच्या हवालदारीत त्या दारास दोरा बांधण्याचा हा पहिला प्रसंग. सुरी कमरेस होती. आसपास कोणी नव्हते, आणि जो एक वेळ हे करून गेला त्यास ते पुन्हा करणे अवघड नसते. नाईक त्या दोऱ्यांपुढे बसून राहिले. मग त्यांनी सुरी काढिली आणि भिंतीच्या भोकातून ओढ्यात टाकून दिली, आणि भिकाबाईंची वाट पाहू लागले. भिकाबाई आल्या. दोरे पाहिले, रिकामी कंबर पाहिली, आणि म्हणाल्या, "हवालदार, एक टोक तुम्हीच धरा. माणसं कमी आहेत." माणसे कमी नव्हती. नाईकांनी टोक धरिले आणि पासोडी शिवून होईतो सोडिले नाही.

वरच्या कोटाच्या दारी पासोडी पोहोचली तेव्हा गिरमाजीपंत उभे होते. त्यांच्या कोटावर नाव घेण्याचा रिवाज नव्हता; काम पुष्कळ, आणि पंतांस तो वेळेचा अपव्यय वाटे. परंतु त्या दिवशी त्यांनी पागोटे काढून हाती घेतले आणि म्हणाले, "नाव येथे ठेवा, बाकीचे आम्ही पोहोचवू." आतून मायाजी नाईक म्हणाले, "पंत, आधी माझ्याबरोबर आणलेली घ्या." पंत म्हणाले, "सांगा." नाईक सावकाश म्हणाले, "रावजी. गोंदाजी. सटवाजी. हरबाजी. जिवबा. लखमोजी. परसोजी." ती जळालेल्या सात शाळांच्या मुख्यांची नावे होती, नाईकांनी ती शेजारीपाजारी विचारून गोळा केली होती आणि तोपर्यंत मनात धरिली होती. पंतांनी एकेक नाव मोठ्याने घेतले. मग विचारिले, "आणि?" नाईक म्हणाले, "मायाजी." पंतांनी ते घेतले, दार उघडिले, आणि दार लागल्यावरही बराच वेळ पागोटे डोईस घातले नाही.

एकंदर तात्पर्य इतके. ज्वर तेरा दिवसांचा, राज्य वाचले. सात शाळा अवेळी गेल्या, एक वेळेनंतर गेली, एक कोट आपल्या वेळी गेला. काळा ढीग आहे तेथेच आहे. गिरमाजीपंतांच्या कोटावर त्या दिवसापासून नाव घेण्याचा रिवाज पडला, तो चालू आहे, आणि तेथील रांग पूर्वीपेक्षा सावकाश चालते, परंतु तुंबत नाही. मायाजी नाईकांचा दोष लपविलेला नाही आणि वाढविलेलाही नाही.

ज्यांनी नाव ठेविले आणि ज्यांनी ते घेतले, ज्यांनी गुंडाळिले आणि जे गुंडाळले गेले, त्या सर्वांस निवांतपणा लाभो. ज्यांच्या विटा परत आल्या त्यांचे नव्या भिंतीत कल्याण असो, आणि ज्यांच्या आल्या नाहीत त्यांवर कोणाची तरी सावली राहो. इति लेखनसीमा.